बाबा म्हणतात, ‘मले काय झालं?’

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे. बीपी आहे, गुडघे दुखतात, तरी ‘मी ठणठणीत’ म्हणतात. मी ४५ची, साखर जराशी वाढली तर आजारीच वाटतं. चुकतंय कोण? – एक वाचक, दारव्हा

उत्तर : पंचेचाळिशीत माणूस स्वतःच्या तिशीशी तुलना करतो. बाबा पारावरच्या सोबत्यांशी करतात. त्यातलं कोणी अंथरुणाला खिळलेलं, कोणी गेलेलं. डवरणी बघून शेतातून पायी परतता येतं, म्हणजे तब्येत उत्तम, हा त्यांचा हिशेब. तो पोकळ नाही. १९९७मध्ये आयडलर आणि बेन्यामिनी या संशोधकांनी २७ अभ्यास तपासले, तेव्हा ‘तब्येत कशी आहे?’ याचं साधं उत्तरही पुढच्या आयुष्याबद्दल बरंच सांगतं, असं दिसलं.

पण बीपी दुखत नाही. शिवाय दम लागणं, कमी ऐकू येणं ‘वयाचंच’ म्हणून खपवलं जातं, ते मला जास्त खटकतं. म्हणून ‘कसं वाटतं?’ऐवजी ‘मागच्या दिवाळीला जमायचं, ते आता काय जमत नाही?’ असं विचारा. बरं वाटलं म्हणून बीपीच्या गोळ्या परस्पर बंद करू देऊ नका.

तुमची साखर? एचबीएवनसी तपासा, तीन महिन्यांची सरासरी कळेल. काळजी किती करायची, ते त्यानंतर ठरवा.