आधी हिशेब, मग बांधकाम



मागच्या तिमाहीत एका मंडळीत मी बालआरोग्याच्या कामाविषयी बोलले. उपासनेनंतर एका मावशींनी मला थांबवले. म्हणाल्या, "ताई, दुधाला, चादरींना आम्ही देऊ. पण तान्ह्या बाळांवर प्रयोग करायला पैसे कशाला द्यायचे?" प्रश्न प्रामाणिक होता. मलाही तो पूर्वी पडत असे. म्हणून या अंकाचा पाठ त्यावरच घेतला आहे.

लूककृत शुभवर्तमानाच्या १४ व्या अध्यायात बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाचा दाखला आहे. काम हाती घेण्याआधी खर्च मोजावा, हे प्रभू त्यातून शिकवतो. बाळांवरील औषधचाचणीचा खर्चही तसाच मोजून पाहू.

१. चाचणी न करण्याचा खर्च. १९५० च्या दशकात अमेरिकेत अपुऱ्या दिवसांच्या बाळांना जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून क्लोरॅम्फेनिकॉल हे औषध देत. हेतू चांगलाच होता. पण नवजात बाळाचे यकृत ते औषध नीट बाहेर टाकू शकत नव्हते. बाळे राखाडी पडून दगावली. १९५९ साली औषध दिलेल्या आणि न दिलेल्या बाळांची तुलना प्रसिद्ध झाली, तेव्हा दोष औषधाचा हे उघड झाले. चाचणी टाळली म्हणून बाळे सुरक्षित राहिली नाहीत.

२. पैसा कोण देणार? जिथे नफा दिसतो तिथे कंपनी पैसा घालते. नवजाताला औषध थोडे आणि थोडेच दिवस लागते. गरीब खेड्यात तर नफा जवळजवळ नाहीच. ओडिशाच्या खेड्यांत डॉ. पिनाकी पाणिग्रही व सहकाऱ्यांनी ४,५५६ बाळांवर केलेली चाचणी २०१७ साली 'नेचर' या नियतकालिकात आली. काही बाळांना सात दिवस उपयुक्त जिवाणू व त्यांचे खाद्य असलेली पूड तोंडाने दिली. इतरांना तशीच दिसणारी साधी पूड. जंतुदोष किंवा मृत्यू यांचे प्रमाण साध्या पुडीच्या गटात ९ टक्के, तर दुसऱ्या गटात ५.४ टक्के होते. पैसा अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचा होता. (म्हणून दुकानातली कुठलीही पूड बाळाला देऊ नये, चाचणी त्या एका मिश्रणाची होती.)

३. संमतीचा खर्च. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. एका पाड्यावर बाळांच्या पाहणीसाठी मी संमती घेत होते. एका आईने कागद वाचून दाखवण्याआधीच अंगठा पुढे केला. "तुम्ही आणलाय म्हणजे बराच असंल, ताई." घाई होती, मी ठसा घेतला. रात्री झोप लागली नाही. तिने कागदावर नव्हे, माझ्यावर विश्वास ठेवला होता. दुसऱ्या दिवशी परत जाऊन तिच्या बोलीत, सासूसमोर सगळे सांगितले. "नाही म्हटलं तरी दवाखान्यात बघतील ना?" एवढेच तिने विचारले. तो प्रश्न तिला आदल्या दिवशीच विचारता यायला हवा होता.

अशा दुसऱ्या फेरीला पैसे लागतात. आपल्या देशाच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे औषधचाचणीला नैतिकता समितीची मंजुरी लागते, आणि चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार द्यावे लागतात. ही तरतूद पहिल्या बाळाची नोंद होण्याआधी झालेली हवी. अर्ध्यावर पैसा संपला तर बुरूज नव्हे, बाळे अर्ध्यावर राहतात.

तेव्हा मावशींना माझे उत्तर असे: जरूर द्या, पण विचारून द्या.

मंडळीत चर्चेसाठी

१. अंदाजपत्रकात समजावून सांगणाऱ्या स्थानिक माणसाचा पगार धरला आहे का?
२. नकार देणाऱ्या आईच्या बाळाला नेहमीचे उपचार मिळणार का?
३. चाचणी संपल्यावर निष्कर्ष पाड्यावर कोण सांगणार, आणि औषध तिथे पोहोचणार का?