नवा टाळकरी

सप्ताहात रात्रीचे कीर्तन आटोपले, मंडळी वाटेला लागली, की मंडपाच्या खांबाशी रेंगाळलेला एखादा तरुण हळूच जवळ येतो. आर्वीकडे असो वा हिंगणघाटाकडे, त्याचा प्रश्न ठरलेला असतो. "महाराज, मले टाळ शिकाचा हाय, पण गळा नाही जी. मंडळी घेतील काय?"

गळ्याची अट घातली कोणी? भागवताच्या सातव्या स्कंधात प्रल्हादाने नवविधा भक्ती सांगितली, तीत श्रवण पहिले आणि कीर्तन दुसरे. हा क्रम नवख्याने ध्यानात ठेवावा. पहिले आठ-पंधरा दिवस पखवाजाजवळ बसावे आणि नुसते ऐकावे. भजनी ठेका आठ मात्रांचा. तो मांडीवर हाताने धरून पाहावा. ठेका अंगात मुरला, मग टाळ. टाळ दोरीला धरावा, धातूला बोटे लागली की नाद मरतो. जोराने आपटण्याचा मोह सर्वांना होतो, पण शेजारच्याचा टाळ आपल्याला ऐकू येईल इतकाच आपला वाजवावा.

गाण्यासाठी हरिपाठासारखी शाळा नाही. माउलींच्या हरिपाठाचे अभंग साधारणतः २७ मोजतात. ते पाठ व्हायला वेळ लागतो; परंतु ध्रुवपद एकच, आणि ते पुन्हा पुन्हा येते. ज्याला तेवढी एक ओळ आली, तो पहिल्या दिवसापासून सर्वांच्या बरोबरीने म्हणू शकतो. शिवाय आमच्या संस्कृत वृत्तांत लघुगुरूचा हिशेब चुकला की पंडित कान टवकारतात. अभंगाचे तसे नाही. मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार अक्षरे, लहानात आठ-आठ. ऱ्हस्व अक्षर ओढून दीर्घ केले तरी कोणी कान धरीत नाही. ज्याने पाटी पाहिली नाही त्यालाही हा छंद कानानेच येतो.

आता दोन शब्द जुन्या टाळकऱ्यांना. नवख्याचा टाळ मागेपुढे होतो. तेव्हा भर भजनात "अरे, थांबव तो टाळ!" असे खेकसले की तो पोर पुन्हा दिसत नाही. मग दहा वर्षांनी आपणच म्हणतो, गावात भजनाला माणूस उरला नाही, टाळ खुंटीला गंजले! गोरोबाकाकांनी संतांच्या मेळ्यात थापटणे घेऊन मडकी तपासली आणि नामदेवरायांना कच्चे ठरविले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. पण कुंभार कच्चे मडके फेकतो काय? भट्टीत घालतो. नामदेवराय विसोबा खेचरांकडे गेले, आणि पुढे त्यांच्याच कीर्तनाची कीर्ती पंजाबपर्यंत पोचली. चूक सांगायची ती भजन संपल्यावर, एकट्याला, हातात हात धरून सांगावी.

याहून नाजूक गोष्ट आहे ती लिहिल्यावाचून राहवत नाही. आपल्या वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर जमनालालजी बजाजांनी १९२८ साली हरिजनांना खुले केले. पंढरीच्या मंदिरासाठी साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. दार उघडले, परंतु दारातून आत आलेल्याच्या हाती टाळ कोणी दिला? पायरीपाशी चोखोबांच्या समाधीला डोके टेकवायचे, आणि गावच्या मंडळीत मात्र कोण कोणाशेजारी उभा राहतो ते पाहायचे, हे मला तरी पटत नाही. बायांनी टाळ घ्यावा की नाही, हेही अजून विचारले जाते. मुक्ताई-जनाबाईंच्या घरात हा प्रश्न निघतो याचेच नवल.

आपल्याकडे खंजिरीच्या वळणावर वाढलेली मुलेही पुष्कळ. तुकडोजी महाराज १९३६ साली गांधीजींच्या बोलावण्यावरून सेवाग्रामला, म्हणजे तेव्हाच्या शेगावला, येऊन राहिले होते. त्यांच्या भजनांचा नाद या मुलुखात घरोघरी आहे. या मुलांचा हात तयार असतो, फक्त चाल अंमळ घाईची. त्यांना हसू नये. पावलीत दोन दिवस उभे केले की पायच हाताला आवरतात.

सुरुवात कधी करावी, असेही विचारतात. दसरा-दिवाळीपासून कापसाची वेचणी लागते, मग संध्याकाळी अंगात त्राण नसते. त्याच दिवसांत कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटेचा काकडा असतो, आणि तो शेतावर जाण्यापूर्वी आटोपतो. नवख्याला याहून सोयीची वेळ नाही. माणसे थोडी, अंधारात कोणाचे तोंड दिसत नाही, आणि थंडीने गळा सर्वांचाच बसलेला असतो. आपला टाळ नसेल तर देवळाच्या खुंटीवर एखादी जोडी असतेच. विणेकऱ्याला विचारून घ्यावी.