कॉक्लिअर इम्प्लांट आणि बधिर-संस्कृती : एका वादाचा अभ्यास

ऐकू न येणाऱ्याला ऐकण्याचे साधन लाभावे आणि ज्यांच्यासाठी ते निर्माण झाले त्यांच्यातीलच एका सुशिक्षित, संघटित वर्गाने त्याला कडाडून विरोध करावा, हे प्रथमदर्शनी अनाकलनीय वाटते. अमेरिकेत १९९० नंतरच्या दशकात नेमके हेच घडले. तो वाद आपल्याकडे फारसा परिचित नाही. परंतु ही शस्त्रक्रिया आता शासकीय साहाय्याने आपल्या राज्यातील बालकांवरही होत असल्याने शिक्षक, पंचायत सदस्य व क्षेत्रीय अधिकारी यांनी तो समजून घेणे अगत्याचे आहे.

हे उपकरण साध्या श्रवणयंत्राहून मुळातच निराळे आहे. श्रवणयंत्र आवाज मोठा करून कानात सोडते. अंतर्कर्णातील शंखाकृती भागातल्या सूक्ष्म केशपेशीच निकामी झालेल्या असतील, तर आवाज कितीही वाढविला तरी त्याचा पुरेसा उपयोग होत नाही. इम्प्लांट या पेशींना वगळून श्रवणाच्या मज्जातंतूलाच विद्युत्-स्पंदने पुरविते. कानामागे लावलेला प्रोसेसर आवाज टिपून त्याचे संकेत त्वचेखाली बसविलेल्या भागाकडे धाडतो व तेथून एक बारीक तार शंखात गेलेली असते. या मार्गाने मिळणारे ध्वनी नैसर्गिक ध्वनींसारखे नसतात; त्यांचा अर्थ लावण्यास मेंदूला शिकावे लागते. शस्त्रक्रिया काही तासांत आटोपते, त्यानंतरचे श्रवण व वाचा-प्रशिक्षण मात्र वर्षानुवर्षे चालते. बाहेरचा भाग काढून ठेवला की मूल पूर्वीसारखेच बधिर असते, ही गोष्ट पुष्कळ पालकांना आधी सांगितली जात नाही.

श्रवणतंतूला विद्युत्-चेतना देण्याचा प्रयोग १९५७ मध्ये पॅरिस येथे झाला. १९६१ मध्ये लॉस एंजेलिस येथे विल्यम हाऊस यांनी, तर १९७८ मध्ये मेलबर्न येथे ग्रेम क्लार्क यांनी अनेक विद्युत्-अग्रांच्या उपकरणाने हे काम पुढे नेले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८४ मध्ये प्रौढांसाठी अशा उपकरणास प्रथम मान्यता दिली. तोवर वाद नव्हता. बोलायला-ऐकायला शिकल्यावर श्रवण गमावलेल्या प्रौढाने आपल्या इच्छेने ते बसवून घेतले, तर त्यात कोणाला हरकत असणार? १९९० मध्ये दोन वर्षांवरील बालकांसाठी मान्यता मिळाली आणि ठिणगी पडली. अमेरिकेतील बधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने १९९१ मध्ये या निर्णयाचा निषेध केला.

मिलानची आठवण

या संतापामागे शंभर वर्षांचा इतिहास होता. सप्टेंबर १८८० मध्ये इटलीतील मिलान येथे बधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तीत बधिर प्रतिनिधी जेमतेम एक. खुणांची भाषा वर्गातून हद्दपार करावी आणि ओठ वाचून बोलण्याचीच पद्धती चालवावी, असा ठराव अमेरिकन प्रतिनिधींच्या विरोधाला न जुमानता संमत झाला. पुढे कित्येक पिढ्यांना हात बांधल्यागत शिक्षण घ्यावे लागले. जे मूल हातांनी सहज बोलू शकले असते, त्याचे शाळेतील तास एकेक ध्वनी उच्चारण्याच्या सरावात गेले. मिलानच्या ठरावांबद्दल याच परिषदेच्या परंपरेतील व्हँकूवर येथील अधिवेशनाने २०१० मध्ये खेद व्यक्त केला. म्हणजे तब्बल १३० वर्षांनी.

मधल्या काळात दोन गोष्टींनी चित्र पालटले. वॉशिंग्टन येथील गॅलॉडेट या बधिरांच्या उच्च शिक्षणसंस्थेतील प्राध्यापक विल्यम स्टोकी यांनी १९६० मध्ये दाखवून दिले, की अमेरिकन खुणांची भाषा म्हणजे हातवाऱ्यांचा खेळ नसून स्वतःचे व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे. पुढे १९८८ मध्ये त्याच संस्थेच्या विद्यार्थ्यांनी आंदोलन करून पहिला बधिर अध्यक्ष नेमण्यास विश्वस्तांना भाग पाडले. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी बालकांसाठी इम्प्लांट आले. आपली भाषा सिद्ध झाली, आपला माणूस अध्यक्ष झाला, आणि तोच वैद्यकशास्त्र आपल्यासारखी मुले दुरुस्त करू निघाले, अशी त्या समाजाची भावना झाली. ‘बधिर’ हा शब्द ते व्याधीसाठी नव्हे, तर भाषिक समाजासाठी वापरतात व इंग्रजीत त्याचे पहिले अक्षर मोठे लिहून हा भेद दर्शवितात. (आपल्याकडे ‘मूकबधिर’ हा शब्द अजून सर्रास चालतो, ज्याला भाषा आहे त्याला मूक म्हणणे बरोबर नव्हे.)

बधिरत्व हे पंगुत्व ठरते ते भोवतालच्या समाजामुळे, या म्हणण्याला मार्थाज व्हिनयार्ड या अमेरिकन बेटाचा दाखला देतात. तेथे आनुवंशिक बधिरत्व होते; एकोणिसाव्या शतकात चिल्मार्क गावी सुमारे २५ माणसांत एक बधिर असे. परिणामी ऐकणारे लोकही खुणांची भाषा जाणत आणि शेती, मासेमारी, ग्रामसभा सर्वत्र बधिर माणसे सहभागी होत. नोरा ग्रोस यांनी १९८५ मध्ये ग्रंथरूपाने हा वृत्तांत मांडला.

निर्णय कोणाचा?

तरीही या युक्तिवादात एक अडचण आहे. बधिर मुलांपैकी दहांतील नऊंहून अधिक मुले ऐकणाऱ्या आई-बापांच्या पोटी येतात. बधिर-संस्कृती ही बहुधा घरातून नव्हे, शाळेतून आणि समवयस्कांकडून मिळते. त्या आई-बापांना त्यांच्या मुलाची ‘मातृभाषा’ त्यांना अपरिचित आहे असे सांगावयाचे, की मूल मोठे होऊन स्वतः निर्णय घेईपर्यंत थांबा असे सांगावयाचे? थांबणे हाही निर्णयच असतो, कारण ध्वनीचा अर्थ लावण्यास मेंदू पहिल्या काही वर्षांत सर्वांत तयार असतो. अमेरिकेत किमान वय २००० मध्ये बारा महिन्यांवर आले, ते यामुळेच. २००० मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘साउंड अँड फ्युरी’ या माहितीपटात एकाच कुटुंबातील एक बधिर व एक ऐकणारा असे दोन भाऊ आपापल्या बधिर अपत्याबाबत उलट निर्णय घेताना दिसतात. ज्या मुलीला इम्प्लांट नाकारले गेले, तिला काही वर्षांनी ते बसविण्यात आले आणि तिच्या आईनेही ते घेतले. बधिरांच्या राष्ट्रीय संघटनेनेही २००० मध्ये आपली भूमिका सौम्य करून पालकांचा निर्णयाधिकार मान्य केला. माझ्या मते संघटनेचा पहिला निषेध उपकरणापुरता चुकला, भाषेच्या बाबतीत चुकला नाही.

कारण आज वादाचा खरा विषय उरला आहे तो असा : इम्प्लांट बसविलेल्या मुलाला खुणांची भाषा शिकवावी की नाही? अनेक वैद्यकीय केंद्रे ती टाळण्यास सांगतात. मूल हातांवर विसंबले तर बोलणार नाही, ही त्यांची भीती. ‘पेडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात २०१७ मध्ये ॲन गिअर्स व सहकाऱ्यांनी ९७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या घरी खुणा वापरल्या नाहीत ती मुले बोलण्यात पुढे, असा त्याचा निष्कर्ष होता. टीकाकारांनी विचारले, की ज्यांना बोलणे जमत नव्हते त्यांच्याच घरी खुणा चालू राहिल्या नसतील कशावरून? शिवाय ते पालक स्वतःच नवशिके होते. याउलट, २०१४ मध्ये डेव्हिडसन, लिलो-मार्टिन व चेन पिचलर यांनी बधिर पालकांच्या पाच मुलांचा अभ्यास केला. जन्मापासून खुणांची भाषा लाभलेल्या या मुलांचे इम्प्लांटनंतरचे इंग्रजी ऐकणाऱ्या मुलांच्या तोडीचे आढळले. संख्या पाचच, म्हणून यावरून सर्वसाधारण नियम काढता येत नाही. पण खुणांमुळे बोलणे अपरिहार्यपणे खुंटते, हे म्हणणे त्यापुढे टिकत नाही.

या विषयावरचे कोणतेही संशोधन वाचताना ‘यश’ कशाला म्हटले आहे, हे प्रथम पाहावे. शांत खोलीत शब्द ओळखणे निराळे आणि गोंगाटाच्या वर्गात गणिताचा पाठ समजणे निराळे. मुले प्रौढपणी श्रवण गमावलेल्यांच्या आकडेवारीत मिसळली आहेत काय, तेही तपासावे.

आपल्याकडील प्रश्न

केंद्र शासनाच्या एडिप योजनेत २०१४ च्या सुधारणेने वर्षाला ५०० बालकांसाठी, प्रत्येकी सहा लाख रुपयांच्या मर्यादेपर्यंत, या उपकरणाची तरतूद झाली आणि मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेकडे समन्वयाचे काम आले. बालकांच्या आरोग्य-तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झाला. जन्मजात बधिरत्वाचा शोध त्यातही अंतर्भूत आहे. दुसऱ्या बाजूस भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ मध्ये दिल्लीत स्थापन झाले, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने खुणांची भाषा मान्य केली, आणि केंद्राचा शब्दकोश २०२१ मध्ये दहा हजार शब्दांवर गेला.

शासनाच्या दोन्ही हातांनी हे काम चालू आहे. गावात मात्र ते एकाच कुटुंबापाशी येऊन भिडते. उपकरण मिळाले, पण वाचा-प्रशिक्षण देणारे केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी आणि मजुरी बुडवून आठवड्याला तेथे जाणे अशक्य. प्रोसेसरची तार तुटली, बॅटरी संपली, आणि कपाटात ठेवलेल्या उपकरणाबरोबर मुलाची भाषाही थांबली, अशी अवस्था येऊ शकते. खुणांची भाषा आधीपासून चालू असेल तर त्या महिन्यांतही मुलाशी बोलणे थांबत नाही. म्हणून शिफारस करणाऱ्या अधिकाऱ्याने शस्त्रक्रियेच्या खर्चाबरोबरच पुढील पाच वर्षांच्या प्रवासाचा व दुरुस्तीचा हिशेब पालकांपुढे ठेवावा. आणि शिक्षकाने आणखी एक करावे. निर्णय घेणाऱ्या बहुतेक आई-बापांनी त्या दिवसापर्यंत एकही मोठा, कमावता बधिर माणूस जवळून पाहिलेला नसतो. तालुक्यात असा कोणी असल्यास, अर्जावर सही होण्यापूर्वी त्याची आणि त्या कुटुंबाची भेट घडवून आणावी.