बारीक टायपातला मजकूर

घरी चित्रपट पाहण्यासाठी रिसीव्हर घेताना खोक्यावर ठळक छापलेला वॅटांचा आकडा हाच त्याच्या सामर्थ्याचा दाखला समजण्याची जी रीत आपल्याकडे पडली आहे, ती साध्या स्पीकरांपुरती खपून जाते. परंतु स्पीकर अवघड असले, की त्या आकड्याखाली बारीक टायपात दिलेल्या अटींची शहानिशा केल्यावाचून गत्यंतर उरत नाही.

माझा सात चॅनेलांचा रिसीव्हर ८ ओहमांच्या लहान स्पीकरांशी वर्षानुवर्षे विनातक्रार नांदत होता. पुढे ४ ओहमांचे उंच, देखणे स्पीकर घरात आले आणि ऐन उन्हाळ्यातल्या एका रात्री, पडद्यावर तोफांचा भडिमार चालू असताना, यंत्र खटकन बंद पडून त्याचा तांबडा दिवा लुकलुकू लागला. दुकानदारांनी प्रथम स्पीकरांवर ठपका ठेवला, आणि मग मेनूतील इम्पीडन्सची निवड ४ ओहमांवर नेण्याची शिफारस केली. तसे करताच यंत्र बंद पडेनासे झाले खरे, पण तोफांचे लवंगी फटाके झाले. कारण बहुतेक रिसीव्हरांत ही सोय ॲम्प्लिफायरचे बळ वाढवीत नाही, उलट त्याला मिळणारा विद्युद्दाब घटवून उष्णता तेवढी आटोक्यात ठेवते.

यात गणित सरळ आहे. ८ ओहमांत १०० वॅट देणारा ॲम्प्लिफायर सुमारे २८ व्होल्टांवर साडेतीन ॲम्पिअर प्रवाह पुरवतो. त्याच व्होल्टांवर ४ ओहमांचा स्पीकर सात ॲम्पिअर मागतो, आणि ज्या कंप्रतेला त्याचा इम्पीडन्स ३ ओहमांपर्यंत उतरतो तेथे ही मागणी साडेनऊच्या आसपास जाते. स्पीकरच्या पाठीवर लिहिलेला ओहमांचा आकडा नाममात्र असतो. म्हणून किमान इम्पीडन्स किती व तो कोणत्या कंप्रतेला, हा तपशील आलेखावरूनच पाहावा. तो तळ खर्जात असेल तर संकट अधिक, कारण चित्रपटातील स्फोटांचा सारा भार तेथेच पडतो.

संवेदनशीलतेची अडचण मात्र निराळी, आणि या दोहोंची गल्लत जाणत्यांकडूनही होते. बी.बी.सी.च्या अभियंत्यांनी १९७० च्या दशकात घडवलेल्या एलएस३/५ए या चिमुकल्या स्पीकरचा मूळ इम्पीडन्स १५ ओहम, म्हणजे प्रवाहाच्या दृष्टीने तो अत्यंत सालस. परंतु त्याची संवेदनशीलता जेमतेम ८२-८३ डेसिबल असल्यामुळे मोठा आवाज त्याच्याकडून निघत नाही. दर ३ डेसिबलांच्या वाढीला दुप्पट वॅट लागतात, हे ध्यानी ठेवावे. शिवाय संवेदनशीलता २.८३ व्होल्टांवर मोजलेली असल्यास ४ ओहमांच्या स्पीकरला त्या मापनात एक नव्हे, दोन वॅट मिळालेले असतात; तेव्हा जाहिरातीतील आकड्यातून ३ डेसिबल बिनदिक्कत वजा करावेत.

रिसीव्हरच्या कागदावर '६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के विकृती, एक चॅनेल' अशा अटी दिसल्या, की तो आकडा शोभेचा समजावा. २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनेल एकाच वेळी, अल्प विकृती, आणि शक्य तर ४ ओहमांतील स्वतंत्र नोंद, ही खरी कैफियत. याहून महत्त्वाची वस्तू म्हणजे मागील बाजूचे प्री-आउट. ते असले की पुढच्या दोन अवघड स्पीकरांसाठी वेगळा पॉवर ॲम्प्लिफायर जोडता येतो, आणि रिसीव्हरकडे मधला व मागचे सोपे स्पीकर तेवढे राहतात. मी अखेर हाच मार्ग पत्करला. सबवूफर असल्यास ८० हर्ट्झखालचा भाग त्याच्या स्वाधीन करावा, म्हणजे मुख्य स्पीकरांचे ओझे लक्षणीय उतरते. माझ्या मते ऐपतीतला सर्वांत महाग रिसीव्हर घेण्यापेक्षा प्री-आउट असलेला मध्यम किमतीचा घ्यावा आणि उरलेली रक्कम ॲम्प्लिफायरकडे वळवावी. कारण एचडीएमआयच्या नव्या आवृत्त्यांपायी रिसीव्हर काही वर्षांत जुना ठरतो, ॲम्प्लिफायरला मात्र त्या उलाढालीशी काहीच कर्तव्य नसते.