बाँगोचं पाणी

गाडी घ्यायची हे आमचं तंबूत ठरलं, पावसात. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर तिसऱ्या रात्री तंबूच्या तळातून पाणी वर यायला लागलं, तेव्हा शेजारच्या स्लीपिंग बॅगमधून बायकोचा आवाज आला, "पुढच्या वर्षी मी पत्र्याखाली झोपणार. तू तुझं बघ." नवी कॅम्पर व्हॅन म्हणजे आमच्या ग्लासगोच्या फ्लॅटच्या डिपॉझिटहून जास्त पैसे, त्यामुळे जुनीच बघायची होती. सात महिने हिंडलो, तीन गाड्या नाकारल्या आणि २०१९ मध्ये चौथी घेतली. माझदा बाँगो, १९९७ची, डिझेल, जपानमधून आलेली. किंमत ४,८०० पौंड. बाबांना फोनवर नाव सांगितलं तर म्हणाले, "बोंगा? गाडीला भोंगा असतो हे माहीत होतं."

बाबा एसटीच्या कऱ्हाड आगारात मेकॅनिक होते. खाली जे लिहिलंय त्यातलं निम्मं त्यांचं आहे. उरलेलं निम्मं मी पैसे मोजून शिकलो.

१. इंजिन गार असताना बघा

पहिली गाडी बघायला स्टर्लिंगला गेलो. फोक्सवॅगनची टी-४, बाहेरून लखलखीत, आत निळे-पांढरे पडदे. मालकाने येताक्षणी चहा विचारला. व्हिडिओ कॉलवर बाबा होते. मी कौतुकाने पडदे दाखवतोय, तर ते म्हणाले, "पडदे राहू दे. बॉनेटवर हात ठेव." ठेवला. गरम. "आत्ताच दूध आणायला गेलो होतो," मालक म्हणाला. दुकान रस्त्याच्या कोपऱ्यावर दिसत होतं.

"दूध आणायला एवढी तापते होय," बाबा मराठीतच म्हणाले. तापलेलं इंजिन कुठलंही चालू होतं. गार इंजिनाला स्टार्टर किती वेळ मारावा लागतो, पहिला धूर काळा निघतो की पांढरा, आणि पांढरा असला तर तो मिनिटाभरात विरतो की निघतच राहतो, यावरून त्याची तब्येत कळते. पांढरा धूर थांबत नसेल तर पाणी सिलिंडरमध्ये जात असण्याची शक्यता मोठी. मग ऑइलचं झाकण काढायचं आणि उलटं करून बघायचं. आतून दुधाळ, चहावरच्या सायीसारखा थर असेल तर विचारात पडायचं. दुसऱ्या वेळेपासून मी मालकाला आदल्या दिवशीच सांगायला लागलो, की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. एकाने त्यावर यायलाच नको सांगितलं. त्या एका फोनने पेट्रोल वाचलं.

२. सरकार फुकट सांगतं ते आधी वाचा

इथे तीन वर्षांहून जुन्या गाडीची दरवर्षी एमओटी नावाची तपासणी होते आणि २००५ पासूनचे निकाल सरकारी संकेतस्थळावर नुसता गाडीचा नंबर टाकून बघता येतात. नापास कशात झाली हे सगळे बघतात. खरी गोष्ट सूचनांमध्ये असते, म्हणजे गाडी पास तर झाली पण याकडे लक्ष द्या, अशा शेऱ्यांमध्ये. त्या टी-४ ला चार वर्षं सलग दाराखालचा पत्रा सडतोय असा शेरा होता. पाचव्या वर्षी शेरा गायब. तेवढ्यात पत्रा बदलला असेल तर बिल असतं. बिल नव्हतं. बायकोने फ्रिजवरचा लोहचुंबक पर्समधून काढून रुमालात गुंडाळून लावला, तो दोन ठिकाणी चिकटलाच नाही. आत लांबी भरली होती.

जपानी गाडीचं मात्र इथे येण्याआधीचं काहीच या यादीत नसतं. शिवाय तिथे गाडी किलोमीटरमध्ये चालते आणि इथे काटा मैलांत बदलतात, तेव्हा आकड्यावर फार भरवसा ठेवू नका. एकच पाहायचं, की आल्यापासून दरवर्षी आकडा वाढतच गेला आहे ना.

३. नाक वापरा

दार उघडल्याबरोबर वास घ्यायचा. बायको सरळ गादीत नाक खुपसायची. मला आधी लाज वाटायची. पण कुबट वास लपत नाही, आणि गाडीत एअर फ्रेशनरचा मारा असेल तर तो का केलाय हे विचारायलाही नको. छताच्या कोपऱ्यात, खिडकीच्या रबराखाली, गादीखालच्या प्लायवूडवर अंगठा दाबून बघायचा. प्लाय मऊ लागला की परत फिरायचं. दुसरी गाडी आम्ही फक्त यावर सोडली.

४. गाडी पाणी पिते का

बाँगोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उचलली की दर्शन. मागच्या बसणाऱ्यांसाठी वेगळा हीटर आहे, त्याचे धातूचे पाइप गाडीच्या पोटाखालून जातात आणि इथल्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने सडतात. कुठेतरी बारीकशी गळती होते, पाणी थेंबाथेंबाने कमी होतं. आणि या गाडीचा तापमानाचा काटा असा बेरकी, की पार उकळायची वेळ येईपर्यंत मध्यावरच बसून राहतो. तो हलतो तोवर हेडला तडा गेलेला असतो. म्हणून बाँगोवाले पाणी कमी झालं की ओरडणारा अलार्म बसवून घेतात. मला हे सगळं गाडी घेण्याआधी माहीत होतं. अलार्म पुढच्या महिन्यात बसवू, असं मी ठरवलं.

तर दुसऱ्याच सहलीत आम्ही ए-८३ रस्त्याने आर्गाइलकडे निघालो. तिथे एक चढ आहे, त्याच्या माथ्याचं नाव 'रेस्ट अँड बी थँकफुल', म्हणजे थांब आणि आभार मान. अठराव्या शतकात हा रस्ता बांधणाऱ्या सैनिकांनी वर तसा दगड रोवला होता. आमची बाँगो बरोबर तिथेच थांबली. सीटखालून गोडसर वासाची वाफ आली. बायकोने त्या दगडाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि थर्मास काढून एकटीने चहा प्यायली.

हेड वाचलं, कारण मी वाफ दिसताक्षणी इंजिन बंद केलं आणि तासभर झाकणाला हात लावला नाही. पाइप, पाण्याची नवी टाकी आणि मजुरी मिळून ६२० पौंड. अलार्म ४० पौंडांचा होता. पाणी पुन्हा भरताना आत हवा अडकू द्यायची नाही, हे या गाडीत मोठं किचकट काम आहे. ज्याने आधी बाँगो केलेली नाही अशा गॅरेजला ती देऊ नये.

५. 'वाइल्ड कॅम्पिंग' म्हणजे कुठेही नव्हे

गाडी कुठेही लावून राहता येतं हा गैरसमज आपल्या लोकांमध्ये फार, माझाही होता. स्कॉटलंडमध्ये २००३च्या जमीन सुधारणा कायद्याने कुणालाही मोकळ्या माळावर जाण्याचा, तंबू टाकून राहण्याचा हक्क दिला. पण तो पायी, सायकलवर, घोड्यावर जाणाऱ्याचा. मोटारगाडी त्यात बसत नाही. काही जण १५ यार्डांचा नियम सांगतात. रस्त्यापासून तेवढं आत नेऊन गाडी उभी करणं गुन्हा नाही, इतकाच त्याचा अर्थ. त्याने मुक्कामाचा हक्क मिळत नाही आणि जमीनमालकाने ऊठ म्हटलं की उठावं लागतं. लॉक लोमंडच्या राष्ट्रीय उद्यानात तर २०१७ पासून मार्च ते सप्टेंबर ठरावीक किनाऱ्यांवर परवाना लागतो. वनखात्याच्या काही कार पार्कांत रात्री राहू देतात, पण गाडीत स्वतःचा संडास हवा. तो रिकामा कुठे करायचा हे निघण्यापूर्वी शोधून ठेवा. जास्त लिहीत नाही, जेवताना वाचत असाल.

अरुंद रस्त्यावर समोरच्याला वाट देण्यासाठी जे फुगवटे असतात, त्यांत रात्री गाडी लावणाऱ्यांना मात्र मी माफ करत नाही. आमच्या पुढची रुग्णवाहिका अशा एका झोपलेल्या गाडीमुळे मागे घ्यावी लागलेली मी पाहिली आहे.

६. गॅस, कुकर आणि श्वास

निळ्या बाटलीतला ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास बाटलीतून बाहेर यायलाच तयार होत नाही. ऑक्टोबरनंतर लाल बाटली, म्हणजे प्रोपेन. एलपीजी हवेहून जड, गळला तर खाली साठतो, म्हणून गाडीच्या तळाला भोक असतं. आमच्या आधीच्या मालकाने थंडी लागते म्हणून ते चिंध्या कोंबून बुजवलं होतं. चिंध्या काढल्या आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म त्याच दिवशी लावला. एकदा धडा घेतला होता ना.

खिचडीच्या कुकरची एक शिट्टी आणि सगळ्या काचांवर धुकं. त्यात दोन माणसांचा रात्रभरचा श्वास. सकाळी काचेवरून पुसलेलं पाणी पिळलं तर वाटीभर निघायचं. कोकणात पावसाळ्यात कपाटाला येतो तसा वास आठवडाभरात गादीला येतो. बाहेर दोन अंश असले तरी खिडकी बोटभर उघडी ठेवायची. गाडीचं वर उघडणारं छत ओलं असताना बंद केलं, तर घरी पोचल्यावर पुन्हा उघडून वाळवायचंच. मी एकदा कंटाळलो. कापडावर काळी बुरशी आली, ती अजून आहे.

उन्हाळ्यात खिडकी उघडली तर मिजेस येतात, म्हणजे चिलटं, पण चावणारी. वारा पडला की हजारोंनी. म्हणून मुक्कामाला दरीतली सुंदर, निवांत जागा शोधू नका. वाऱ्यावरची, जराशी ओंगळ जागा बरी.

७. बॅटरी

झोपण्याच्या भागाची वेगळी बॅटरी असते. साधी शिशाची असेल तर निम्म्याखाली उतरू देऊ नका. २०२० मध्ये गाडी चार महिने उभी राहिली, आमची गेली.

८. घाट घाटच असतो

२०२२ला बाबा आले. त्यांना घेऊन ॲपलक्रॉसला गेलो, बेलाख-ना-बा चढून. समुद्रसपाटीपासून ६२६ मीटर, एकपदरी, वर केसांच्या पिनेसारखी वळणं. सुरुवातीलाच पाटी आहे की शिकाऊ चालक, फार मोठ्या गाड्या आणि कॅराव्हॅन यांनी येऊ नये. बाबांनी पाटी वाचली, पाय खाली ताठ केले आणि म्हणाले, "वरंधा आहे रे हा. चढलास त्याच गिअरमध्ये उतर."

"बाबा, ऑटोमॅटिक आहे."

"मग तिला सांग."

लिव्हर ओढून खालच्या गिअरवर आणली. तरी खाली पोचेपर्यंत ब्रेकचा वास आलाच, कारण जुन्या कॅम्परला बिछाना, पाणी, गॅस, माणसं मिळून जे वजन होतं ते आपण धरतच नाही. खाली उतरल्यावर बाबा अर्धा तास चाकांजवळ उकिडवे बसून होते. समुद्र त्यांनी नंतर बघितला.

९. विकताना

ग्लासगोच्या मध्यभागात जून २०२३ पासून जुन्या डिझेलला बंदी आहे. चुकून शिरलात तर ६० पौंड दंड. तीस वर्षांहून जुन्या, जशाच्या तशा जपलेल्या गाड्यांना सूट मिळते, पण आमच्या बाँगोला त्यासाठी २०२७ उजाडावं लागेल. बायकोचं ऑफिस नेमकं त्या भागात हललं. जाहिरात टाकली.

पंचविशीतलं एक जोडपं आलं. मुलगी पडद्यांवर खूश. मुलगा टायरला लाथ मारून बघत होता, ज्याचा कुणालाच काही उपयोग नसतो. मी आदल्या रात्रीपासून गाडीला किल्ली लावली नव्हती. बिलांची फाइल सीटवर ठेवली होती, बुरशीचा डाग दाखवला होता. मुलगा म्हणाला, "चालू करून दाखवता?"

"आधी हात लावून बघ," मी म्हटलं आणि सीट उचलली.

त्याला कळेना. तरी त्याने तळवा टेकवला आणि "थंड आहे," म्हणाला, जरा काळजीच्या सुरात.