टेनिसचे गुरुजी : डिक गूल्ड

शाळेच्या क्रीडांगणावर सामना संपला म्हणजे जिंकलेल्या खेळाडूभोंवतीं मुलें गर्दी करितात. ज्या गुरुजींनीं त्याला खेळ शिकविला ते मात्र बहुधा एका बाजूस चेंडू मोजून पिशवींत भरीत असतात. अशा शिक्षकाच्या कामाचें माप कशानें घ्यावें? या प्रश्नाचा विचार करण्यासाठीं अमेरिकेंतील एका क्रीडाशिक्षकाची हकीकत आम्ही विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

डिक गूल्ड हे कॅलिफोर्निया संस्थानांतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जुने विद्यार्थी. १९६६ सालीं ते त्याच विद्यापीठांत पुरुषांच्या टेनिस-संघाचे शिक्षक झाले व २००४ पर्यंत त्या जागीं राहिले. या ३८ वर्षांत त्यांच्या संघानें महाविद्यालयांचें राष्ट्रीय विजेतेपद १७ वेळां मिळविलें. हा आंकडा ऐकून डोळे दिपतात. परंतु आम्ही विद्यार्थ्यांस एक साधी वजाबाकी करावयास सांगतों. ३८ मधून १७ गेले म्हणजे २१ राहिले. म्हणजे निम्म्याहून अधिक वर्षीं या नामांकित शिक्षकाचा संघ विजेतेपदावांचून घरीं परतला. आरंभीं तर यशाचें चिन्हही नव्हतें. १९६७ ते १९७१ या पांचही वर्षीं विजेतेपद लॉस एंजेलीस शहरांतील दोन विद्यापीठांनीं आपसांत वांटून घेतलें. गूल्ड यांचा पहिला विजय १९७३ चा. तोंवर त्यांनीं धीर सोडला नाहीं, व विद्यापीठानेंही त्यांस सोडलें नाहीं.

आतां हें विजेतेपद कसें ठरतें तें पाहूं. १९७७ पासून संघाशीं संघ लढवून निकाल लावण्याची पद्धत सुरू झाली. त्या वेळीं प्रत्येक लढतींत ६ एकेरी व ३ दुहेरी सामने होत आणि प्रत्येक सामन्यास १ गुण मिळे. पहिल्या क्रमांकाचा खेळाडू कितीही थोर असो, त्याच्या विजयाचा गुण एकच. सहाव्या क्रमांकाच्या मुलाच्या विजयाचाही एकच! म्हणून ज्याच्याकडे प्रेक्षक ढुंकूनही पाहत नाहींत, त्या सहाव्या मुलावर शिक्षकास पहिल्याइतकीच मेहनत घ्यावी लागते.

याचा प्रत्यय लवकरच आला. जॉन मॅकेन्रो हा १९७७ सालीं, वयाच्या १८ व्या वर्षीं, विंबल्डनच्या उपांत्य फेरीपर्यंत पोंचला आणि त्यानंतर स्टॅनफर्डमध्यें दाखल झाला. १९७८ सालीं त्यानें महाविद्यालयीन एकेरीचें पद जिंकलें. संघही विजयी झाला. परंतु एका वर्षांतच तो धंदेवाईक खेळाडू होऊन निघून गेला. १९७९ सालीं विजेतेपद गेलें खरें; पण १९८० व १९८१ या दोन्ही वर्षीं तें पुन्हा स्टॅनफर्डकडे आलें. गुरुजींनीं एकच झाड वाढविलें नव्हतें, बाग लाविली होती.

१९७३ ते २००० या काळांत सलग दोहोंहून अधिक वर्षें विजेतेपदावांचून कधीं गेलीं नाहींत. अर्थात् त्या मुदतींत जो विद्यार्थी पुरीं चार वर्षें संघांत टिकला, त्यानें विजयाचा एक तरी दिवस पाहिला. पुढें दुहेरींत जगद्विख्यात झालेले बॉब व माइक ब्रायन हे जुळे बंधूही १९९७ व १९९८ च्या विजयी संघांत होते.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. १९७४ सालीं एकेरीचें पद जिंकणारा जॉन व्हिटलिंगर हा गूल्ड यांचाच शिष्य. पुढें तो अनेक वर्षें त्यांचा साहाय्यक होता, आणि २००४ सालीं गुरुजींनीं जागा सोडली तेव्हां तिच्यावर त्याचीच नेमणूक झाली. आमच्या मतें १७ पदांहूनही हें माप मोठें आहे. शिष्य जिंकला, तर त्यांत त्याच्या अंगच्या गुणांचा वांटा असतो. परंतु शिष्यास स्वतःच शिक्षक व्हावेंसें वाटलें, तर तें श्रेय बहुतांशीं गुरूचेंच.

पालकांस एवढीच विनंति कीं, आपल्या मुलास संघांत सहावें स्थान मिळालें म्हणून खट्टू होऊं नये. आणि विद्यार्थ्यांनो, पुढचा सामना संपल्यावर चेंडू गोळा करावयास गुरुजींस एकटे सोडूं नका.