दिसणारा आंकडा आणि असणारा आंकडा

संगणकावरील स्प्रेडशीट आतां तुमच्या परिचयाची झाली आहे. १९७९ सालीं डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन या दोघां अमेरिकन गृहस्थांनीं 'व्हिझिकॅल्क' ही अशा प्रकारची वही लोकांपुढें आणली. आज दुकानाचा हिशेब, सोसायटीची वर्गणी व शाळेचा निकाल हीं सर्व कामें अशाच वहींत होतात. परंतु वही जें दाखविते तेंच तिच्या पोटांत असतें, असें समजून चालणारे पुष्कळ आहेत. आम्हीही एकदां तसेच समजून चाललों, आणि त्याचा ताप एका निरपराध मुलास झाला. ती हकीकत प्रथम सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं वर्गाचें निकालपत्रक आम्हीं स्वतः तयार केलें. एका मुलास गणिताच्या तीन परीक्षांत ३३, ३५ व ३६ गुण होते. बेरीज १०४, तिची सरासरी ३४.६६ आणि पुढें न संपणारे सहा. अपूर्णांक अर्धा किंवा अधिक असल्यास पूर्ण गुण धरावा, असा नियम होता. म्हणून आम्हीं दशांशस्थळें कमी करण्याचें बटण दाबलें. चौकटींत ३५ दिसूं लागले व आम्ही निश्चिंत झालों. शेजारच्या रकान्यांत '३५ किंवा अधिक असल्यास उत्तीर्ण, एरवीं अनुत्तीर्ण' अशा अर्थाचें सूत्र होतें. निकालानंतर मुलाचे वडील कागद घेऊन आले व शांतपणें म्हणाले, "मास्तर, पस्तिसाला पास, असं तुम्हीच सांगितलं होतं. इथं पस्तीस आहेत. मग पोरगा नापास कसा?"

आमच्यापाशीं तत्काळ उत्तर नव्हतें. तें शोधतां शोधतां जें कळलें, तोच आजचा पाठ.

प्रत्येक चौकटींत तीन गोष्टी असूं शकतात. पहिली सूत्र, म्हणजे आंकडा कसा काढावा याची आज्ञा. दुसरी किंमत, म्हणजे त्या आज्ञेचें फळ. तिसरी फॉरमॅट, म्हणजे त्या किंमतीचा पोशाख. पोशाख बदलल्यानें मनुष्य बदलत नाहीं. त्याचप्रमाणें फॉरमॅट बदलल्यानें किंमत बदलत नाहीं. आमच्या चौकटीनें ३५ चा अंगरखा घातला होता, पण आंत ३४.६६ च होते. आणि शेजारचें सूत्र अंगरखा न पाहतां किंमत पाहत होतें.

याची परीक्षा तुम्ही स्वतः करून पाहा. दोन चौकटींत १०.४ हा आंकडा लिहा व तिसरींत त्यांची बेरीज घ्या. मग तिन्ही चौकटींतील दशांशस्थळें काढून टाका. १० आणि १० मिळून २१, असा चमत्कार दिसेल! खरी बेरीज २०.८ आहे, हें जाणणारास त्यांत चमत्कार नाहीं. तसेंच एका चौकटींत ५ लिहून मग तीस टक्क्यांचा फॉरमॅट द्या. ५ टक्के न दिसतां ५०० टक्के दिसतील, कारण ५ टक्के म्हणजे ०.०५.

मग किंमतच पूर्णांक करावयाची असेल तर काय करावें? त्यासाठीं 'राउंड' नांवाचें फंक्शन आहे. सरासरीचें सूत्र त्याच्या कंसांत घालून दशांशस्थळांच्या जागीं शून्य लिहिलें, कीं किंमत खरोखरच ३५ होते. आम्हीं तसें करतांच त्या मुलापुढें 'उत्तीर्ण' हा शब्द उमटला. शिवाय आणखी दोन मुलांचे निकाल बदलले. तिघांच्याही घरीं जाऊन आम्हीं आमची चूक सांगितली.

आतां दुसरा भाग. सूत्र हें जिवंत असतें. ज्या आंकड्यांवर तें अवलंबून आहे ते बदलले, कीं फळही बदलतें. काम चालूं असेपर्यंत हा गुणच आहे. परंतु निकाल जाहीर झाल्यावर तो स्थिर राहिला पाहिजे. कोणी गुणांचा रकानाच काढून टाकला, तर सरासरीच्या जागीं चुकीची खूण येते. आजची तारीख देणाऱ्या 'टुडे' या फंक्शनवरून वय काढलें असेल, तर पुढील वर्षीं तोच तक्ता उघडतां निराळें वय दिसतें. अशा वेळीं सूत्रांच्या किंमती कराव्या. रकाना निवडून 'कॉपी' करावें आणि त्याच जागीं 'पेस्ट स्पेशल' मधील 'व्हॅल्यूज' हा पर्याय घ्यावा. सूत्र जातें, फळ राहतें.

येथें दोन सूचना ध्यानांत ठेवाव्या. एक, या क्रियेनें दिसणारा आंकडा गोठत नाहीं, असणारा गोठतो. राउंड न केलेले ३४.६६ हे ३४.६६ च राहतात, मग अंगावर ३५ चा अंगरखा कां असेना. म्हणून आधीं राउंड, मग किंमत. दुसरी, फाईल जतन करून बंद केल्यावर गेलेलें सूत्र सहसा परत मिळत नाहीं. यास्तव सूत्रांसह एक प्रत निराळ्या नांवानें आधींच ठेवावी.

पालकांसही आमची विनंती आहे. छापील आंकडा व त्यावरून काढलेला निर्णय यांचा मेळ बसत नसेल, तर संकोच न करितां विचारावें. त्या गृहस्थांनीं विचारलें नसतें, तर तीन मुलांचें एक वर्ष आमच्या एका बटणापायीं फुकट गेलें असतें.